लिनक्स आणि माझी दोनशेपानी वही

मी विंडोज सोडून लिनक्सवर, म्हणजे संगणक चालवणाऱ्या दुसऱ्या एका सिस्टीमवर, आलो त्यामागे तत्त्वबित्त्व काही नव्हतं. लॅपटॉप २०१७ चा, इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर, मशीन एकदम ठणठणीत, पण विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच प्रोसेसर लागतो आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपत होता. चांगला चालणारा लॅपटॉप नुसतं यादीत नाव नाही म्हणून अडगळीत टाकायचा हे काही पटेना. ऑफिसातला एक मित्र कित्येक वर्षं लिनक्सच वापरतो, तो म्हणाला, "टाक रे बिनधास्त, आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, सगळं आपोआप होतं." मी टाकलं. पेनड्राइव्हवरून वीस-पंचवीस मिनिटांत झालं पण, आणि त्या पंचवीस मिनिटांत मला वाटलं की लोक उगाच घाबरतात.

मग वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं. नेटवर्कची यादी रिकामी नव्हती, यादीच नव्हती. वायफायची चिप अशी निघाली की तिचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्राम, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नसतो, वेगळा उतरवून घ्यावा लागतो. उतरवायला नेट पाहिजे, नेटला ड्रायव्हर पाहिजे. अर्धा दिवस घालवल्यावर कळलं की मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलं की काही न विचारता नेट येतं. ते झालं. ड्रायव्हर टाकताना मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितला, कशासाठी ते खाली चार ओळीत लिहिलेलं होतं, मी नेहमीप्रमाणे न वाचता पुढे गेलो. रीस्टार्ट झाल्यावर एक निळी स्क्रीन येते, कुठलंही बटण दाबा म्हणते आणि दहापासून उलटे आकडे मोजायला लागते. मी पाणी प्यायला गेलो होतो. आलो तर नेहमीचा डेस्कटॉप समोर आणि वायफाय नाही. भानगड अशी आहे की सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी, चालू असलं की कर्नल फक्त सही असलेलेच ड्रायव्हर आत घेतो, तुमच्या मशीनवर तयार झालेल्या ड्रायव्हरवर तुमच्याच मशीनची सही असते आणि ती सही ओळखीची करून देण्यासाठी ती निळी स्क्रीन असते, दहा सेकंद. हुकली की मागणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी मी स्क्रीन पकडली आणि घाईत पहिलाच पर्याय निवडला, ज्याचा अर्थ 'काही न करता पुढे जा' असा होता. तिसऱ्यांदा पासवर्ड चुकला. चौथ्यांदा खुर्चीवरून हललोच नाही.

पहिला महिनाभर विंडोजपण ठेवलं होतं, लागलं तर असावं म्हणून. तिकडे गेलो की घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे. बरोब्बर साडेपाच म्हटल्यावर निदान अंदाज आला, ही टाइमझोनची गडबड. लिनक्स हार्डवेअरच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे ग्रीनिचची, वेळ ठेवतं आणि विंडोज तीच वेळ स्थानिक समजतं, दोघं आपापल्या जागी बरोबर. एका ओळीची कमांड, काम झालं. ही ओळ मी एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवली. डावीकडे काय बिघडलं, उजवीकडे काय केलं. म्हटलं आपण व्यवस्थित माणूस आहोत, परत शोधायला नको. या वहीने पुढे जो राडा केला तोच खरं तर सांगायचा आहे, पण त्याआधी आवाजाचं सांगतो.

एका अपडेटनंतर स्पीकरमधून आवाज यायचा बंद झाला. शोधलं तर शेकडो लोकांना हाच त्रास आणि शेकडो उत्तरं, मी खुश. पण लिनक्समध्ये आवाजाच्या पिढ्या आहेत. खाली आल्सा, त्याच्या वर बरीच वर्षं पल्सऑडिओ होता, आणि आता बहुतेक ठिकाणी त्याच्या जागी पाइपवायर आलाय. उत्तरं मात्र तिन्ही पिढ्यांची एकाच यादीत, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेली. मी पल्सऑडिओची सेटिंगची फाइल उघडली, सांगितलेली ओळ बदलली, रीस्टार्ट. काही नाही. दुसऱ्या उत्तरातली ओळ, रीस्टार्ट. काही नाही. तिसरी. संध्याकाळ गेली आणि मग लक्षात आलं की माझ्या मशीनवर पल्सऑडिओ नाहीच. पाइपवायर त्याची इतकी हुबेहूब नक्कल करतो की सेटिंगची खिडकी तीच दिसते, नावं तीच दिसतात, फक्त ती फाइल कुणी वाचत नाही. म्हणजे मी तीन तास रिकाम्या घराच्या पत्त्यावर पत्रं टाकत होतो. शेवटी आवाज एचडीएमआयच्या, म्हणजे बाहेरच्या मॉनिटरच्या केबलच्या, खात्यात जाऊन बसला होता, ड्रॉपडाउनमधून प्रोफाइल बदललं, आला. त्या दिवसापासून एक सवय लागली की उत्तर वाचायच्या आधी त्याची तारीख बघायची. ही सवय मला दोन महिने आधी लागली असती तर पुढचं काही झालंच नसतं.

मीटिंगचा प्रसंग तर अजून आठवला की कानशिलं तापतात. अकरा लोक, मला आकडे दाखवायचेत, मी स्क्रीन शेअर केली आणि बोलायला लागलो. दोन-तीन मिनिटं बोललो असेन, मग मॅडम म्हणाल्या, "तुमची स्क्रीन आम्हाला नुसती काळी दिसतेय." थांबवलं, परत शेअर केली. काळी. अख्खी स्क्रीन न देता एकच खिडकी द्यावी म्हटलं तर यादीत माझ्या उघड्या खिडक्या नाहीतच. कुणीतरी हळूच विचारलं, "लिनक्स का?" त्या आवाजात जी सहानुभूती होती ना, ती एखाद्याच्या घरी आजारपण असल्यावर असते तशी.

कारण नंतर वाचलं. लिनक्समध्ये स्क्रीनवर खिडक्या दाखवायची जुनी पद्धत एक्स११, ती १९८७ पासून आहे, तिच्यात कुठलाही प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याही खिडकीत डोकावू शकतो, तुम्ही काय टाइप करताय ते सुद्धा बघू शकतो. तिच्या जागी येणारं वेलँड २००८ मध्ये सुरू झालं, त्याने हे दार बंद केलं. आता स्क्रीन दाखवायची तर प्रोग्रामने मधल्या एका खिडकीवर रीतसर परवानगी मागायची. बरोबरच आहे, मी असतो तर मीपण बंद केलं असतं. पण मीटिंगच्या ॲपला ही नवी रीत माहीत नव्हती आणि अकरा लोकांना मी काय सुरक्षेचं व्याख्यान देणार. मित्राने सांगितलं, लॉगिनच्या स्क्रीनवर खाली कोपऱ्यात गिअरचं चिन्ह असतं तिथून एक्स११ निवड. निवडलं, शेअरिंग सुरू, वहीत नोंद. आता बाहेरचा मॉनिटर आणि लॅपटॉप यांची गंमत बघा, लॅपटॉपची स्क्रीन दाट पिक्सेलची, मॉनिटर साधा, वेलँडमध्ये दोघांना वेगळं स्केल देता येत होतं, एक्स११ मध्ये ते काही धड जमेना, म्हणजे एकीकडे अक्षर मुंगीएवढं नाहीतर दुसरीकडे लहान मुलांच्या अंकलिपीएवढं. स्क्रीन दाखवायची तर वाचता येत नाही आणि वाचायचं तर दाखवता येत नाही. महिनाभर मी मीटिंगच्या आधी लॉगआउट करून एक्स११ मध्ये जायचो आणि मीटिंग संपली की परत यायचो, कपडे बदलल्यासारखं. मग कळलं की तीच मीटिंग ब्राउझरमधून उघडली तर वेलँडमध्येही शेअरिंग व्यवस्थित होतं, ब्राउझर ती परवानगी बरोबर मागतो. इतकं सोपं. आणि ग्नोम नावाच्या लिनक्सच्या डेस्कटॉपच्या ४९ व्या आवृत्तीपासून ते एक्स११ सेशन मुळात डिफॉल्टने बंदच आहे, म्हणजे वहीतली ती नोंद पुढे कधीतरी मातीमोल होणारच होती.

आता झोपेचं. लिनक्सच्या नव्हे, माझ्याच झोपेचं म्हणायला पाहिजे. एक दिवस लॅपटॉपचं झाकण लावून बॅगेत टाकला, दीड तासाने बाहेर काढला तर तळ हाताला चटका बसेल इतका गरम आणि बॅटरी ९० वरून ११ वर. म्हणजे हा झोपला नव्हताच, डोळे मिटून पडला होता. इथे पण दोन प्रकार आहेत. सिस्टीममध्ये एक छोटी फाइल असते, तिच्यात दोनच शब्द असतात, एस-टू-आयडल आणि डीप, आणि ज्याच्याभोवती चौकोनी कंस तो चालू. पहिल्यात हार्डवेअर पूर्ण बंद होत नाही, नुसतं गप्प बसवलेलं असतं. दुसऱ्यात मेमरी सोडून जवळपास सगळ्याची वीज तोडलेली. माझ्याकडे कंस पहिल्याभोवती होता. एक उत्तर सापडलं, त्यात ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्स चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलमध्ये टाकायला एक ओळ दिली होती, ओळीत तीन गोष्टी होत्या, खाली धन्यवादाच्या कॉमेंटींची रांग. तारीख बघायची सवय तेव्हा नव्हती. तिन्ही गोष्टी टाकल्या, कंस डीपभोवती आला, झाकण लावलं, लॅपटॉप गार. वहीत नोंद, उजवीकडे अख्खी ओळ जशीच्या तशी.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर टचपॅड मेलेला. बाण जागचा हलेना. रीस्टार्ट केलं की ठीक, झोपून उठला की पुन्हा मेलेला. त्यावर उपाय असा की टचपॅडचं कर्नल मॉड्यूल, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, काढायचं आणि परत घालायचं, त्यासाठी एक छोटी स्क्रिप्ट मिळाली. ती चालवली तर उत्तर आलं, मॉड्यूल वापरात आहे, काढता येणार नाही. अरे वापरात कसलं, मेलंय ना ते. दोन रात्री गेल्या. तर आय-टू-सी-हिड नावाचं जे एकच मॉड्यूल होतं त्याचे नंतर दोन तुकडे केलेत आणि खालचा काढायच्या आधी वरचा काढावा लागतो, स्क्रिप्ट त्या वाटणीच्या आधीची. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सगळ्यात वेगवान पाचशेच्या पाचशे सुपरकॉम्प्युटर लिनक्सवर चालतात, आणि मी इथे रात्री एक वाजता एका टचपॅडला झोपवतोय, उठवतोय, झोपवतोय, उठवतोय. बायको कूस बदलून म्हणाली, "अरे तो लॅपटॉप आहे की तान्हं बाळ?" आणि परत झोपली. नवीन नाव टाकल्यावर स्क्रिप्ट चालली. वहीत नोंद.

मग ब्राइटनेसचा स्लायडर गायब झाला. म्हणजे मला तेव्हा असं वाटलं की 'तेव्हा' गायब झाला. दिवसभर मी बाहेरच्या मॉनिटरवर असतो, त्यामुळे लॅपटॉपचा ब्राइटनेस कमी करायची वेळ पाच-सहा दिवसांनी एका रात्री आली. बटणं दाबली तर काही नाही, मेनूत स्लायडरच नाही, स्क्रीन पूर्ण उजेडात डोळ्यात घुसतेय. अख्खा रविवार. काय काय टाकलं, काय काय काढलं, एका क्षणी तर डेस्कटॉपच येईना, नुसती काळी स्क्रीन आणि डावीकडे वर लुकलुकणारा कर्सर, तिथून रिकव्हरी मोडमध्ये जाऊन मागे आलो. संध्याकाळी ग्रबची फाइल उघडली तर तिच्यात एक लांबलचक ओळ. डोक्यात तिडीक गेली, हे कुठल्या गाढवाने लिहून ठेवलंय? वही काढली. गाढवाचं अक्षर माझंच होतं.

त्या झोपेच्या उपायातल्या तीन गोष्टींपैकी झोपेशी संबंध फक्त एकीचा होता. दुसरी ब्राइटनेसचा ताबा वेगळ्याच ड्रायव्हरकडे द्यायला सांगत होती, असा ड्रायव्हर जो माझ्या लॅपटॉपसाठी अस्तित्वातच नाही. तिसरी माझ्याकडे नसलेल्या एका चिपसाठी. उत्तर देणाऱ्याने त्याच्या मशीनची अख्खी ओळ चिकटवली होती आणि मी ती अख्खी गिळली होती. त्याचंही चुकलं नव्हतं, जुन्या कर्नलवर ती दुसरी गोष्ट असूनही स्लायडर चालायचा, ६.१ कर्नलमध्ये ब्राइटनेसचा तो भाग नव्याने लिहिला आणि तिथून पुढे तिचा असा अर्थ झाला. माझ्या वहीत काय केलं ते होतं, का केलं ते कुठेच नव्हतं.

बाकी फुटकळ बरंच. एकच प्रोग्राम तीन-तीन पॅकिंगमध्ये मिळतो, त्यातल्या फ्लॅटपॅकमधून टाकलेल्या फोटोच्या प्रोग्रामला माझी दुसरी डिस्क दिसेना कारण त्याला कोंडून ठेवलेलं असतं, परवानगी वेगळी द्यावी लागते, हे कोंडणं चांगलंच आहे पण 'फाइल सापडली नाही' असं खोटं का बोलायचं, 'परवानगी नाही' म्हण ना सरळ. ऑफिसच्या वर्डच्या फाइली लिबरऑफिसमध्ये उघडल्या की पानं घसरायची, कॅलिब्री फाँट नसतो म्हणून, त्याच मापाचा कार्लिटो टाकल्यावर निम्म्याअधिक जागच्या जागी बसल्या.

मराठीचं मात्र थोडं सांगतो. टायपिंग खरं तर उत्तम आहे, आयबस नावाच्या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये इनस्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, काही विकत घ्यायला नको. पण ते सगळीकडे पोचत नाही. ब्राउझरमध्ये मराठी, एडिटरमध्ये मराठी, आणि चॅटच्या ॲपमध्ये गेलो की तेच कीबोर्ड तेच चिन्ह पण अक्षरं रोमन, कारण त्या ॲपला वेलँडमधून इनपुट मेथड घ्यायला वेगळं सांगावं लागतं. कित्येक दिवस मी एडिटरमध्ये मराठी लिहून तिकडे नेऊन चिकटवायचो. फाँट न सांगता सोडलं तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे यायचे, वाचायला अडत नाही पण स्वतःचंच लिहिलेलं परक्याने लिहिल्यासारखं वाटतं. आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, देवनागरी नावाची फाइल बघणं म्हणजे, 'हिशोब' नावाच्या फोल्डरची वेलांटी एकीकडे, ह एकीकडे, मात्रा तिसरीकडेच. टर्मिनल प्रत्येक अक्षराला एक ठरावीक चौकोन देतो आणि आपली लिपी चौकोनात मावणारी नाही. मी फोल्डरची नावं रोमनमध्ये बदलली. वहीत लिहिलं नाही, लाज वाटली.

सगळं वाईटच होतं असं नाही. प्रिंटर, ज्याच्यासाठी विंडोजवर भलंमोठं सॉफ्टवेअर टाकावं लागायचं, तो नुसता वायफायवर आहे एवढ्यावरून आपोआप दिसला, स्कॅनरसकट. अपडेटसाठी मशीन कधी मला न विचारता रीस्टार्ट झालं नाही. आणि हा नऊ वर्षांचा म्हातारा लॅपटॉप पूर्वीपेक्षा चपळ झालाय हे मान्य करायलाच पाहिजे.

मध्यंतरी नवीन आवृत्तीवर जाण्याची पाटी यायला लागली. आता जाऊ, नंतर विचारा, नको. मी सहा-सात वेळा 'नंतर' दाबलं, मग एका शनिवारी वही घेऊन बसलो. म्हटलं या घाणीसकट पुढे गेलो तर तिकडे काय कशामुळे बिघडलं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. सतरा नोंदी होत्या. एकेक उपाय काढायचा, रीस्टार्ट करायचं, आणि मूळ दुखणं अजून आहे का बघायचं. आवाजाच्या तिन्ही ओळी, ज्या कुणी वाचतच नव्हतं, त्या गेल्या. एक्स११ गेलं. चॅटच्या ॲपची एक कमांड कामाची निघाली, ती ठेवली आणि शेजारी कुठून घेतली, उत्तर कोणत्या सालचं, तेही लिहिलं. सतरातल्या नऊ नोंदींना काही अर्थच उरला नव्हता.

झोपेची ओळ मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, तिला हात लावायची भीती वाटत होती. मध्ये तीनेक आठवड्यांपूर्वी लॅपटॉपच्या फर्मवेअरचं, म्हणजे हार्डवेअरच्या आतच बसवलेल्या सॉफ्टवेअरचं, एक अपडेट आलं होतं, लिनक्समधूनच, ते मी टाकलेलं. ओळ काढली, कंस परत एस-टू-आयडलभोवती गेला. रात्री बॅटरी ८४ होती, झाकण लावून टेबलावर ठेवला.

बायकोने विचारलं, "झोपला का?"

"सकाळी कळेल."

सकाळी उघडला. गार. बॅटरी ७९. आणि बाण हलत होता. स्क्रिप्ट न चालवता, पहिल्या बोटाला. म्हणजे टचपॅड डीपमधून उठतानाच मरत होता, त्या डीपमध्ये त्याला रोज ढकलत होतो मी. वहीतल्या झोपेच्या ओळीवर काट मारली, टचपॅडच्या ओळीवर मारली, दोन रात्री घालवून दुरुस्त केलेली ती स्क्रिप्ट पण डिलीट केली, हळहळत, कारण तशी बरी जमली होती.

आता वहीत एकच दुखणं उघडं आहे, ब्लूटूथ हेडफोनचं. गाणी ऐकताना आवाज सुरेख, कॉल आला आणि माइक चालू झाला की तोच आवाज जुन्या लँडलाइनसारखा, कारण ज्या प्रोफाइलमध्ये आवाज चांगला त्यात माइक नाही आणि ज्यात माइक आहे त्यात आवाज बहुतेक हेडफोनवर फार तर १६ किलोहर्ट्झचा. हे लिनक्सचं पापसुद्धा नाही, ब्लूटूथचंच आहे. उजवीकडच्या रकान्यात लिहिलंय, वायरचा हेडफोन.